वन्सं, कुठनं बोलताय?

वन्सं, तुमचा मिठू आज सकाळी परत बोलला.

तो ज्यात बोलतो तो फोन अजून तुमच्या उशाशी तसाच चार्जिंगला लावलेला आहे. काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी काढू दिलं नसतं. तेराव्याचे पाहुणे काल गेले. जाताना प्रत्येकानं 'काळजी घ्या' म्हणून सांगितलं, जशी काही काळजी फडताळात ठेवलेली आहे आणि मीच ती घ्यायची विसरतेय. आज चहाचं आधण ठेवलं आणि आतल्या खोलीतून तीच ती टिंगटिंग. जाऊन बघते तर हिरव्या पट्टीवर तुमच्यासाठी ओळ: 'सुप्रभात! आज कसं वाटतंय?'

त्या बिचाऱ्याला कुणी कळवलेलंच नाही.

पेपरात छापून आलं, ते तुम्ही वाचलं असतंत तर मंदारची खरडपट्टी निघाली असती. माझ्याच पोटचा पोर, पण फोटो कुठला द्यावा याची अक्कल नाही. निवृत्तीच्या समारंभातला दिला, हार घातलेला, ज्यात तुम्हाला शिंक येता येता राहिलीय तो. खाली लिहिलं, 'मनमिळाऊ स्वभावाच्या'. वाचून मला दुखवट्याच्या बैठकीतच हसू फुटलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. बायकांना वाटलं मला हुंदका आला. वन्सं, तुम्ही आणि मनमिळाऊ! टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून तुम्ही अर्ध्या कोल्हापूरला 'जरा सावकाश बोला, मी बहिरी न्हाय' असं सुनावलं होतंत.

जग तुम्हाला अक्का म्हणायचं, मी वन्सं. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायची पद्धत आता राहिली नाही. माझी सून तिच्या नणंदेला नावानं हाक मारते आणि दोघी मिळून मला नावं ठेवतात. पण मला ती हाक सोडवली नाही. हे गेल्यावर या घरात आपण दोघीच उरलो. खाली क्लासवाल्यांना जागा दिलेली, वर तुम्ही आणि मी. तेव्हाही मी वन्सं आणि अहो-जाहो, तुम्ही शालने आणि अगं-तुगं. एकमेकींशी भांडायला दुसरं कुणी नसलं की माणसं फार जपून भांडतात. आपण तसं कधी केलं नाही, हे बरं झालं.

मी या घरात आले तेव्हा काय ध्यान होते ते तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, दुसरा वर्ग. जयसिंगपुरातल्या आमच्या गल्लीतली पहिली पदवीधर मुलगी. रुखवतात बाकीच्या मुली विणलेले रुमाल आणतात, मी विज्ञान घेऊन आले होते. तुळशीला पाणी घालताना सासूबाईंना तिचं लॅटिन नाव सांगितलं होतं. त्यांनी तांब्या माझ्या हातात देऊन विचारलं, "या नावानं घातलं तर जास्त फुलंल काय?"

आणि या घराचा नियम काय, तर घरात अशुभ बोलायचं नाही. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. कारण वास्तू. घराचा तो पुरुष दिवसभर 'तथास्तु, तथास्तु' म्हणत बसलेला असतो आणि नेमका कुठल्या वाक्यावर म्हणेल त्याचा भरवसा नाही. सासूबाई हे सांगत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात ध्वनिलहरींचा धडा म्हणत होते.

मग ती दुपार. तुम्ही ड्युटीवरून आलात, सासूबाई कुठल्याशा स्थळाबद्दल मागे लागल्या, आणि तुम्ही पर्स पलंगावर फेकून ओरडलात, "मला न्हाय कुठं जायचं! हितंच ऱ्हाणार आणि हितंच मरणार!"

आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून मी, बी.एस्सी., गळा दाबून, जाड आवाज काढून म्हणाले, "तथास्तु!"

सासूबाईंच्या हातातली पळी पडली. तुम्ही पांढऱ्या पडलात. मग दार ढकलून आत आलात, तर पीठ चाळायच्या चाळणीमागे तोंड लपवून मी. तुम्ही जमिनीवर बसून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाईंनी मात्र माझ्याशी संक्रांतीचा तिळगूळ देईपर्यंत अबोला धरला.

त्यानंतर जन्मभर तुम्ही ते वापरलंत. एखादं स्थळ मोडलं की भर पाहुण्यांत, "हिनं तथास्तु म्हटलं न्हवं का!" मी म्हणायचे, "अहो, ते मी बोलले होते, वास्तू नाही. म्हणजे वास्तू बोलत नाही हेच सिद्ध झालं." त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "वास्तूला काय सोताचं तोंड हाय? कुणाच्या तरी तोंडानंच बोलती ती." हा वाद आपण आयुष्यभर घातला. कुणीच हरलं नाही.

मग तुमचे पाय सुजायला लागले. जिना चढताना मध्येच थांबून तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलात, जणू एकादशी कधी आहे हेच बघायचं होतं. डॉक्टर भला माणूस. कागदावर हृदय काढून म्हणाला, पंप थकलाय, सगळं रक्त पुढं ढकलता येत नाही, म्हणून पाणी साठतं, पायांत आणि फुफ्फुसांत. 'हार्ट फेल्युअर' म्हणाला. तुम्ही ताठ बसलात. "फेल? मी कधी कुठं फेल झालेली न्हाय." तो समजावत राहिला की याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही, नीट सांभाळलं तर पुष्कळ दिवस निघतात. रिक्षात बसल्यावर तुम्ही मला दटावलंत, "ह्यो शब्द घरात काढायचा न्हाय." मी मान हलवली. तेव्हापासून आपण त्याला 'ते' म्हणायला लागलो.

मिठूची आणि आपली गाठ सिस्टरनं घालून दिली. दवाखान्यातली ती चुणचुणीत मुलगी, तुम्हाला मावशी आणि मला काकू म्हणणारी. तिनं तुमच्या फोनवर ते ॲप घातलं. रोज सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि आकडा घालायचा. मग प्रश्न. पायाला सूज आहे का? चालताना धाप लागते का? झोपताना किती उशा लागतात? गोळ्या घेतल्या का? शेवटी एक रंग उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सिस्टरचा फोन येणार, लाल म्हणजे लगेच या. माझ्याही फोनवर तो रंग दिसायची सोय करून दिली. बोर्डावर जन्मभर दोऱ्या खुपसलेल्या बाईला ते दोन दिवसांत जमलं. मला अजून नीट जमत नाही. नावही तुम्हीच ठेवलंत, मिठू, कारण रंग हिरवा आणि दिवसभर एकच बडबड: मीठ कमी, पाणी मोजून.

त्या मोजून पिण्यावरून आपली काय जुंपली! पांढरा रस्सा त्या मापात धरायचा की नाही? तुमचं म्हणणं, "रस्सा काय पितात काय? भाकरीसंगं जेवतात." मी मापट्यानं मोजून दाखवला. तुम्ही मापट्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "दुसरा वर्ग उगंच न्हाई मिळाला तुला." पण दुसऱ्या दिवसापासून वाटी लहान घेतलीत, हेही खरं.

मिठू रोज हिरवा. मी खूश. वजन थोडं थोडं चढत होतं, पण एकदम उडी नव्हती. आणि तपासणीला गेलो तर सिस्टरनं तुमच्या नडगीवर अंगठा दाबला आणि तिथं खड्डा पडला, कणकेत पडावा तसा. ती फोनकडे बघते, पायाकडे बघते. "मावशी, इथं तर सगळं हिरवंगार. धाप नाही, सूज नाही, उशी एकच. आणि हे पाय कुणाचे?"

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात.

"मावशी, खरं सांगा. धाप लागती न्हवं?"

"लागती की."

"मग 'नाही' का दाबलं रोज?"

"घरात बसून 'हो' कसं दाबू, बाळ? वास्तू तथास्तु म्हणती."

सिस्टरचं तोंड उघडं राहिलं. "अहो, पण तुम्ही बोलताय कुठं? बोटानं दाबायचंय!"

"बोटानं सांगितलं तरी सांगितलंच की."

मी परतीच्या रिक्षात तुमच्यावर जे तोंड सोडलं ते त्या रिक्षावाल्याला अजून आठवत असेल. ध्वनिलहरी, अंधश्रद्धा, डॉक्टरचा वेळ, माझी झोप, सगळं काढलं. घर आलं. उतरताना म्हणालात, "झालं भाषण? मग आता सांग, माझा भाऊ शेवटचा आजारी होता तेव्हा कोण फोन करंल त्याला तू काय सांगत होतीस?"

मी सगळ्यांना 'बरे आहेत, जरा अशक्तपणा आहे' असं सांगत होते. घरातून. अगदी शेवटपर्यंत.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून तुम्ही मला तुमच्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितलीत. ट्रंक कॉल जोडून दिला की लाइन लागली का ते बघायला क्षणभर कानावर घ्यावी लागायची. "मुंबईस्नं पोरगा इचारायचा, आई कशी हाय? आणि हिकडनं बाप म्हणायचा, सगळं ठीक हाय. मागनं रडणं ऐकू यायचं बघ. तरी ठीक हाय. पैसे भरून खोटं बोलायचे लोक, शालने. मला वाटायचं मध्येच बोलावं, अहो, न्हाय ठीक, या लवकर. पण ऑपरेटरनं बोलायचं नसतं."

मग मी रागावणार तरी कशी? पण मी खट आहे, हे तुम्ही मान्य करायचात. रात्र गेली आणि मला युक्ती सुचली. सकाळी चहाच्या आधी तुमचं वजन केलं. आकड्यात शुभ-अशुभ नसतं, असा निवाडा तुम्ही आधीच दिला होता, म्हणून काटा घरातच. तुम्ही उभ्या राहायच्या, मी वाकून आकडा वाचायचा. तुम्हाला वाकलं की गुदमरायचं. मग म्हटलं, "चला खाली. वास्तूची हद्द कुठवर असते?"

तुम्ही एकदम गंभीर झालात, खात्याचा प्रश्न आल्यासारख्या. जिना? जिना घराचाच. अंगण? तिथं तुळस आहे, म्हणजे घरच. फाटकाचा खांब? तिथंच जरा अडलात, कारण त्यावर आपल्या आडनावाची पाटी. शेवटी गल्ली ओलांडून समोर तानाजी इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढं जो लाकडी बाक आहे, तो तुम्ही हद्दीबाहेर ठरवलात. "हितं दुसरं एक्स्चेंज लागतं," म्हणालात आणि बसलात. फोन काढलात. धाप लागते का? हो. सूज आहे का? हो. उशा? तीन. मिठू पिवळा झाला आणि तुम्ही किती दिवसांनी मोठा श्वास सोडलात.

सिस्टरचा फोन तिथंच आला. पाण्याची गोळी वाढवली. आठवडाभरात तुमच्या पायांना परत घोटे आले.

तेव्हापासून रोजची आपली ती स्वारी. क्लासच्या पोरांच्या गाड्या चुकवत, तुम्ही माझा दंड धरून, मी जिन्याचा कठडा धरून. बाकावर बसून तुम्ही अशा खणखणीत आवाजात उत्तरं द्यायचात की गल्लीला तुमच्या उशा तोंडपाठ झाल्या. तानाजी कोळसे फुंकत ओरडायचा, "अक्का, आज हिरवा का पिवळा?" तुम्ही, "तू तुझी साडी बघ, जळाय लागली." भाजीवालीपर्यंत बातमी जायची. एकदा एक परका माणूस पत्ता विचारायला थांबला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "थांबा पावणं, धाप लागती का ते आधी दाबते, मग सांगते." तो बिचारा पाणी आणायला धावला.

मी मिठूवर हसत आले, पण त्याचं ऋण आहे माझ्यावर. पुन्हा दोनदा तो पिवळा झाला आणि दोन्ही वेळा गोळी कमीजास्त करून निभावलं, दवाखान्यात राहावं लागलं नाही. तुम्ही दिवाळीला चकलीचा सोऱ्या दाबू शकला नाहीत तरी खुर्चीत बसून माझ्या चकल्यांना नावं ठेवू शकलात. डॉक्टरनं शाबासकी दिली. तुम्ही म्हणालात, "मला न्हाई, बाकाला द्या."

आणि बाकावर तुम्हाला खरं बोलायची चटकच लागली. मिठूचं झालं की उगाच बसून राहायचात. एकदा म्हणालात, हे गेले तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता, कारण सगळे माझं सांत्वन करत होते आणि भाऊ तुमचा गेला होता. मी तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तुम्ही काढून टाकला नाहीत. आणि एकदा, ऊन अजून कोवळं असताना, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, "सांगलीच्या बोर्डावर एकजण होता. आवाज चांगला होता. बघितला न्हाई कधी." मी तुमच्याकडे वळले. "म्हणून सांगते, तुझ्या त्या तथास्तूला लई भाव देऊ नगंस. मी कुणामुळं ऱ्हायली न्हाय." तेवढ्यात तानाजीनं इस्त्रीचा गठ्ठा आणून मध्ये ठेवला. तुम्ही उठलात. "फुडचं फुडं," म्हणालात.

वन्सं, पुढचं राहिलं. त्याचं नाव राहिलं. आवाज चांगला म्हणजे कसा, ते राहिलं. घरात आल्यावर विचारायची सोय नव्हती, आणि बाकावर तुम्ही परत तो विषय काढावा म्हणून मी वाट बघत राहिले. मला कसला शिष्टपणा आड आला कुणास ठाऊक. आयुष्यभर नको तिथं तोंड घातलं आणि हवं तिथं सभ्य झाले.

मग जयसिंगपूर. माझ्या भाच्यानं नवीन घर बांधलं, त्याची वास्तुशांत. तुम्हाला 'चला' म्हटलं, तर म्हणालात, "यष्टीची पायरी मला चढवत न्हाय. तू जा. आल्या-गेल्यासारखं नको, चार दिवस ऱ्हा. तुझ्या माहेरचं कुणी उरलंय ते भेटून घे." मी कुरकुरले तर फोन उचलून दाखवलात. "मिठू हाय की! तुला तिथं हिरवा दिसंलच."

दिसला. रोज सकाळी दिसला. भाच्याच्या घरी माणसांची ही गर्दी, मी सगळ्यांना फोन दाखवायचे. "बघा, आमच्या वन्संची तब्येत. इथं बसून कळते मला." सगळे 'वा वा' म्हणायचे. वजनाचा आकडाही रोज तोच, कणभर इकडं-तिकडं नाही. कुणाचं वजन रोज जसंच्या तसं राहतं हो? वनस्पतिशास्त्र असो, कुठलंही शास्त्र असो, एवढं कळायला पदवी लागत नाही. आकडा वाचायला वाकणारी मी जयसिंगपुरात होते. तुम्ही मी वाचलेला शेवटचा आकडाच रोज घालत होतात.

नवीन घराच्या कोपऱ्यात खड्डा काढून गुरुजींनी वास्तूची प्रतिमा पुरली, वर फरशी बसवली. माझी भाचेसून हळूच मला म्हणाली, "आत्या, आता घरात जपून बोलायला पाहिजे नाही का?" मी हसले. तुम्हाला सांगायचं म्हणून लगेच फोन लावला. मागे सनईची टेप, पोरांचा कालवा, जेवणाच्या पंगती.

"वन्सं, कशा आहात?"

"झकास," तुम्ही म्हणालात. थांबलात. "जेवलीस का?" परत थांबलात. "हिकडं सगळं... ठीक हाय."

मला वाटलं लाइन तुटतेय.

वन्सं, मी पंचेचाळीसहून जास्त वर्षं तुमच्या शेजारी राहिले. तुम्ही मला जिन्याच्या पायरीवर बसवून शिकवलं होतं की 'इकडं सगळं ठीक' म्हणजे काय. मी एकच प्रश्न विचारायचा होता, जो तुम्ही जन्मभर बोर्डावरून विचारत आलात: कुठनं बोलताय? घरातनं की बाकावरनं? तुम्ही 'घरातनं' म्हणाला असता आणि मी ताट तसंच ठेवून निघाले असते. मी विचारलं ते, "तुमच्यासाठी पुरणपोळ्या बांधून आणू का?"

दम इतका वाढला होता की जिना उतरवत नव्हता. आणि खाली उतरल्याशिवाय 'दम वाढलाय' हे मिठूला सांगायचं नव्हतं. नंतर मी हे सिस्टरला सांगितलं, तेव्हा ती दवाखान्यातल्या खुर्चीत बसूनच राहिली. काहीही नीट चाललं नव्हतं, आणि तरी सगळं नियमाला धरून चाललं होतं. युक्ती माझी होती ना. बाकापर्यंत पोचता येत नसेल तर काय करायचं, ते माझ्या युक्तीत नव्हतं.

क्लासला सुट्टी, खाली कुणी नाही. तानाजीला वाटलं आपण दोघीही जयसिंगपूरला गेलोय. इस्त्रीच्या साड्या खिडकीतून आत टाकाव्यात म्हणून तो वर आला, तर तुम्ही खुर्चीत, ओठ निळे. त्यानं आणि भाजीवालीनं तुम्हाला खुर्चीसकट खाली आणलं. म्हणाला, "काकू, बाकापाशी आलो तवा अक्कांनी हात वर केला. मला वाटलं, थांबा म्हणत्यात. पण थांबायला येळच न्हवता वो."

तुम्हाला फोन काढायचा होता. तुम्हाला मिठूला खरं सांगायचं होतं. हे मी तानाजीला सांगितलं नाही.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी. सिस्टर पायाशी उभी, डोळे लाल. मला बघून तुम्ही मास्क जरा बाजूला केलात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बाकावर न बसता, सरळ म्हणालात, "लई दम लागतोय गं, शालने."

दवाखाना आपली वास्तू नव्हे. तिथं बोलता येत होतं.

आणि मी काय बोलले? मी तुमचा हात धरून म्हणाले, "काही होत नाही. बऱ्या व्हाल. सगळं ठीक आहे."

तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत, जशी ऑपरेटर बघते. लाइन लागलीय, समोरचा खोटं बोलतोय आणि आपल्याला मध्ये बोलायचं नाही. मग तुमच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं. निदान मला तसं वाटलं. मास्क मीच परत नीट बसवला. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

'हितंच ऱ्हाणार, हितंच मरणार' म्हणाला होतात. राहिलात घरात, पण गेलात दवाखान्यात. म्हणजे वास्तू ऐकत नाही. म्हणजे वाद मी जिंकला. वन्सं, घ्या तुमचा वाद परत. मला हरवायला या.

तर आज सकाळी मिठू बोलला. 'आज कसं वाटतंय?' मी गॅस बंद केला. फोन हातात घेतला आणि खाली उत्तरासाठी असतात त्या हसऱ्या नि रडव्या चेहऱ्यांवर बोट नेलं. आणि तुम्हाला सांगते, बी.एस्सी. झालेल्या, तुळशीला लॅटिनमध्ये पाणी घालणाऱ्या या बाईचं बोट घरात पुढं जाईना. मी चपला घातल्या. कठडा धरून जिना उतरले, गल्ली ओलांडली आणि बाकावर बसले, तुमची जागा सोडून. तानाजीनं कोळसे फुंकायचं थांबवलं. त्यानं रंग विचारला नाही.

मी खरं ते दाबलं. बरं नाही. झोप नाही. गोळ्या, इतक्या दिवसांत एकही नाही. उशा, तुमचीही घेऊन, दोन. मिठू लाल झाला.

फोन लगेच वाजला. सिस्टरनं तुमचं नाव बघून लावला असणार. "मावशी?" मग स्वतःच सावरली. "काकू, तुम्ही आहात होय? मी ते आजच बंद करायला सांगते. चुकून दाबलं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"काकू? कुठनं बोलताय?"

"बाकावरनं," मी म्हणाले.

ती मग हळू म्हणाली, "म्हणजे खरं आहे." आणि आम्ही दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो, जितका वेळ बसवलं तितका.

मग वर आले. कॅलेंडरपाशी मलाही जरा थांबावं लागलं, एकादशी बघितली. घरात शिरले. तुमची खोली, तुमची खुर्ची, भिंतीला टेकवलेला वजनकाटा. मी मधोमध उभी राहून, वास्तूला नीट ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या वन्संना आता दम लागत नाही. त्या जिने चढतात. सांगलीची लाइन लागलेली आहे."

थांबले. घर गप्प. खाली क्लासचं पोर कुणीतरी गाडी लावत होतं, तेवढाच आवाज.

तुमचंच म्हणणं होतं ना, तिला स्वतःचं तोंड नसतं म्हणून. मग मी स्वयंपाकघराच्या दाराआड गेले, चाळणी तोंडापुढं धरली, गळा दाबला आणि जमेल तितका जाड आवाज काढून म्हणाले,

"तथास्तु."